पायाचा निरोप इंजिनापर्यंत

तुम्ही दोन तऱ्हेच्या सायकली पाहिल्या असतील. एकीच्या ब्रेकला लोखंडी दांड्या असतात. हँडलखालची मूठ दाबली की दांडी ओढली जाते, ती दुसऱ्या दांडीला हलवते आणि अखेर रबरी ठोकळे चाकाच्या कडीवर दाबले जातात. दुसरीच्या ब्रेकला मात्र दांडी नसते. तिथे काळ्या आवरणातून गेलेली एक बारीक तार असते. काम दोन्हींचे एकच: हाताची हालचाल चाकापर्यंत पोहोचवणे. मग एका सायकलीला दांडी आणि दुसरीला तार, असे का?

हाच प्रश्न मोटारगाडीच्या बाबतीतही उभा राहतो, आणि तिथे त्याचे उत्तर फार महत्त्वाचे ठरते. अमेरिकेत जुन्या पिकअप गाड्या दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणण्याचा छंद पुष्कळांना आहे. पिकअप म्हणजे पुढे चालकाची खोली आणि मागे उघडा हौदा असलेली हलकी मालगाडी. शेव्हरोले कंपनीच्या १९४७ ते १९५५ या काळातील पिकअप या छंदात विशेष आवडीच्या आहेत. या गाड्यांत ॲक्सिलरेटरच्या पेडलपासून इंजिनापर्यंत दांड्यांची साखळी असते. छंदिष्ट मंडळी ती काढून तिथे तार बसवतात. वरवर पाहता ही किरकोळ दुरुस्ती वाटते. पण ती नीट समजून घेतली, तर बलांविषयीचे बरेच काही शिकता येते. आणि ती चुकली, तर पाय उचलल्यावरही गाडी धावत सुटते!

पेडल नेमके काय करते?

अमेरिकेत पेट्रोलला गॅसोलीन आणि थोडक्यात ‘गॅस’ म्हणतात. म्हणून ॲक्सिलरेटरच्या पेडलला तिकडे ‘गॅस पेडल’ असे नाव पडले. नावावरून असे वाटेल, की पेडल दाबले की पेट्रोलचा नळ उघडतो. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या गाडीत तसे होत नाही. कार्ब्युरेटरच्या नळीत एक गोल चकती आडवी बसवलेली असते. तिच्या मधोमध एक आस असतो आणि आसाच्या टोकाला एक लहानशी तरफ. तरफ फिरली की चकती फिरते आणि हवेचा मार्ग मोकळा होतो. या झडपेलाच थ्रॉटल म्हणतात. इंजिनातील दट्ट्ये हवा ओढून घेतात आणि जोराने जाणारी ही हवा आपल्याबरोबर पेट्रोलचे तुषार घेऊन जाते.

पूर्ण बंद ते पूर्ण उघडी या दोन स्थितींमध्ये झडप साधारण पाव फेऱ्याहून थोडी कमी फिरते. या एवढ्याशा फिरण्यात इंजिनाची सारी ताकद सामावलेली असते. शिवाय सुरुवातीच्या थोड्या अंशांत झडप जराशी हलली, तरी इंजिनाच्या जोरात मोठा फरक पडतो. म्हणूनच पायाचा ‘निरोप’ झडपेपर्यंत अचूक पोहोचला पाहिजे.

दांड्यांची अडचण

पेडल चालकाच्या पायाशी आणि कार्ब्युरेटर इंजिनावर. दोहोंच्या मध्ये पत्र्याची भिंत. सरळ रेषेत एकच दांडी टाकणे क्वचितच जमते. म्हणून पेडलपासून एक दांडी, मग कोपरासारखी वळलेली एक तरफ, तिथून दुसरी दांडी, पुन्हा एखादी तरफ, अशी रचना करावी लागते. प्रत्येक सांध्यात भोक आणि खीळ असते. भोक झिजते आणि सांधा ढिला होतो. समजा, एका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलेपणा आला. असे सहा सांधे असतील, तर एकूण ढिलेपणा तीन मिलिमीटर झाला. म्हणजे पेडल थोडे दाबले, तरी झडपेला त्याचा पत्ताच लागत नाही!

पण ही अडचण लहान आहे. खरी अडचण वेगळीच आहे. पेडल गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते, तर कार्ब्युरेटर इंजिनाला. आणि इंजिन सांगाड्यावर घट्ट आवळलेले नसते. त्याचे हादरे गाडीत येऊ नयेत म्हणून ते जाड रबराच्या ठोकळ्यांवर बसवतात. गॅरेजमध्ये या ठोकळ्यांना ‘माउंटिंग’ म्हणतात. रबर दबते, ताणले जाते आणि इंजिन हलते.

किती आणि कसे हलते? हाताने धरायचे विजेचे ड्रिलयंत्र सुरू केले की मनगटाला उलट दिशेने हिसका बसतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक बलाला तितकेच आणि विरुद्ध दिशेचे प्रतिबल असते. इंजिन ज्या दिशेने चाकांकडे जाणारा दांडा फिरवते, त्याच्या उलट दिशेने ते स्वतः कलते. जोर जितका जास्त, तितका कल जास्त.

आता असे समजा, की तुमचा पाय पेडलवर अगदी स्थिर आहे. रस्त्यात खड्डा आला, इंजिन एका अंगाला कलले. पेडल आणि कार्ब्युरेटर यांमधले अंतर बदलले, पण दांडीची लांबी तर बदलत नाही. मग दांडी काय करणार? ती झडपेची तरफ हलवणार. झडप थोडी जास्त उघडली की इंजिनाचा जोर वाढला. जोर वाढला की इंजिन आणखी कलले. की झडप पुन्हा हलली. पाय स्थिर असूनही गाडी आचके देऊ लागते. दांडीला हे कळतच नाही, की निरोप पायाकडून आला की इंजिनाच्या डोलण्याकडून!

१९७१ सालचा धडा

ही गोष्ट केवळ कागदावरची नाही. १९७१ च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्स कंपनीने १९६० नंतरच्या दशकातील सुमारे ६७ लाख शेव्हरोले मोटारी आणि हलक्या मालगाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. तोवरच्या काळातील ही फार मोठी घटना होती. या गाड्यांत इंजिनाखालचे रबरी माउंटिंग तुटू शकत होते. अमेरिकेत चालक डाव्या बाजूला बसतो. जोरात गाडी पळवताना इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते. त्या बाजूचे माउंटिंग तुटलेले असेल, तर तिला धरून ठेवणारे काहीच उरत नाही. इंजिन उचलले गेले की थ्रॉटलची जोडणी ओढली जाई आणि झडप उघडून अडकून राही. म्हणजे चालकाने पाय उचलला, तरी इंजिन जोर करीतच राही! दुरुस्तीत काय केले? इंजिन ठराविक मर्यादेपेक्षा वर उचलले जाऊ नये अशी एक अडकण बसवली.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, निरोप नेणारा दुवा इंजिनाच्या हालचालीपासून अलिप्त असावा. दुसरी, काहीही तुटले किंवा बिघडले, तरी झडप बंदच व्हावी, उघडी राहू नये.

बोडेनची तार

पहिली गोष्ट साधण्याचे साधन त्याआधी कितीतरी वर्षे सापडलेले होते. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन या आयरिश गृहस्थाने १८९६ साली एका नव्या तऱ्हेच्या तारेचे एकस्व, म्हणजे पेटंट, घेतले. (रॅले सायकलींचा कारखाना काढणारे फ्रँक बोडेन हे वेगळे, नावामुळे पुष्कळदा गोंधळ होतो.) ही बोडेनची तार सायकलच्या ब्रेकसाठी वापरात आली आणि पुढे मोटारसायकल, मोटार आणि विमान यांतही पोहोचली.

तिचे भाग दोन. आत अनेक बारीक पोलादी तारा पिळून केलेली एक मजबूत तार. बाहेर एक आवरण. सायकल दुरुस्त करणारे त्याला ‘आउटर’ म्हणतात. हे आवरण म्हणजे साधी नळी नव्हे. ते पोलादी पट्टीचे एकमेकांना चिकटलेले वेढे असतात, जणू मिटलेली स्प्रिंगच. वेढे चिकटलेले असल्यामुळे ते लांबीत दाबले जात नाही, मात्र हवे तसे वाकते.

पुष्कळांना वाटते, की तारेची करामत ती वाकते यात आहे. पण वाकते तर सुतळीही! करामत आवरणात आहे. हे समजण्यासाठी एक प्रयोग करा.

सुमारे ६० सेंटिमीटर लांबीची मऊ प्लॅस्टिकची बारीक नळी घ्या. तिच्यातून मजबूत दोरा ओवा. एका टोकाला दोऱ्याला किल्ल्यांचा लहान जुडगा बांधा. ते टोक खाली तोंड करून मित्राला घट्ट धरायला सांगा. दुसरे टोक तुम्ही एका हाताने धरा आणि नळीला मध्ये चांगला बाक येऊ द्या. आता दुसऱ्या हाताने दोरा ५ सेंटिमीटर ओढा. किल्ल्या ५ सेंटिमीटर वर जातील.

यानंतर मित्राला नळीचे टोक वरखाली, उजवीडावीकडे हलवायला सांगा. तुम्ही दोरा आणि नळी तशीच धरून ठेवा. नळीचे तोंड आणि किल्ल्या यांमधले अंतर पाहा. ते बदलत नाही! कारण नळीचा आकार बदलला, तरी तिची लांबी तीच राहते; म्हणून तिच्या आत मावणारा दोराही तेवढाच राहतो.

आता शेवटची पायरी. तुम्ही धरलेले नळीचे टोक सोडून द्या आणि नुसता दोरा ओढा. काय दिसते? किल्ल्या उचलल्या जाण्याऐवजी आधी नळीच सरळ होऊ लागते. आवरणाची दोन्ही टोके पक्की धरलेली असतील, तरच निरोप पोहोचतो. आतली तार जितक्या बलाने ओढली जाते, तितक्याच बलाने आवरण दाबले जाते. ओढ आणि दाब एकमेकांशेजारून जातात. म्हणून तार कोणत्याही वळणाने नेली तरी चालते.

जुन्या गाडीत नवी तार

या जुन्या पिकअपमध्ये मुळात एका रांगेत सहा सिलिंडर असलेले इंजिन असे आणि त्याचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या बाजूला असे. १९५५ साली शेव्हरोलेने आठ सिलिंडरांचे नवे, आटोपशीर इंजिन आणले. त्यात चार-चार सिलिंडर इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे दोन बाजूंना असतात आणि कार्ब्युरेटर त्यांच्या मधोमध वर बसतो. छंदिष्ट मंडळी पुष्कळदा हे इंजिन जुन्या गाडीत बसवतात. मग जुन्या दांड्या ना लांबीला जुळतात, ना दिशेला. अशा वेळी तार हाच सोपा मार्ग ठरतो. ती बसवताना कोणता विचार करावा लागतो, ते क्रमाने पाहू.

पहिला विचार मापाचा. कार्ब्युरेटरच्या तरफेवर तार जिथे अडकवायची ते भोक आसापासून ४० मिलिमीटरवर आहे आणि तरफ ७५ अंश फिरते, असे समजा. दोन टोकांच्या स्थितींमधले सरळ अंतर भूमितीने काढता येते. ते सुमारे ४९ मिलिमीटर येते. म्हणजे तार तेवढी ओढली गेली पाहिजे. आता पेडलची तरफ पाहा. टेकूपासून पायाची पट्टी २४० मिलिमीटरवर आणि तार १६० मिलिमीटरवर असेल, तर पाय तारेच्या दीडपट हलतो. पायाला सुमारे ७३ मिलिमीटर दाबावे लागेल. हे घोट्याला जमण्याजोगे आहे. तार टेकूपासून फार दूर बांधली, तर पाय जरा हलताच गाडी उसळेल. फार जवळ बांधली, तर पेडल जमिनीला टेकूनही झडप पूर्ण उघडणार नाही.

दुसरा विचार आवरणाच्या टोकांचा. पेडलकडचे टोक पत्र्याच्या भिंतीत पक्के करायचे. दुसरे टोक कुठे? इथे चूक होण्याचा फार संभव असतो. जवळ दिसला म्हणून सांगाड्याचाच एखादा भाग निवडला, तर आवरण संपल्यावर उघडी तार सांगाड्यापासून इंजिनाकडे जाईल, आणि इंजिन हलताच ती ओढली जाईल. दांडीची अडचण जशीच्या तशी परत आली! म्हणून दुसरे टोक इंजिनावरच, कार्ब्युरेटरशेजारी पट्टी लावून पक्के करतात. मग इंजिन कितीही डोलो. पट्टी, आवरणाचे टोक आणि तरफ ही तिन्ही एकत्रच डोलतात. तुमच्या प्रयोगातील नळीचे तोंड आणि किल्ल्या आठवा. अर्थात, डोलण्यासाठी आवरणाला थोडी ढील ठेवावी लागते.

तिसरा विचार वळणांचा. वळणावर आतली तार आवरणाच्या आतल्या बाजूवर दाबली जाते आणि घर्षण वाढते. होडीचा दोर खुंट्याला दोन-तीन वेढे घातले की एक माणूसही ती रोखून धरतो, त्याच नियमाने. घर्षणांक ०.१५ धरला आणि झडपेकडे १० न्यूटन ओढ हवी असेल, तर तार एकूण ९० अंश वळली असता पेडलकडे सुमारे १२.७ न्यूटन, १८० अंशांना १६ न्यूटन आणि पूर्ण ३६० अंशांना सुमारे २५.७ न्यूटन ओढ लागते. गंमत अशी, की हे घर्षण वळण किती मोठे आहे यावर नव्हे, तर एकूण किती अंश वळले यावर ठरते. मात्र फार आवळून वळवलेली तार लवकर झिजते, म्हणून वळणे थोडी आणि मोठी ठेवावीत.

चौथा विचार उष्णतेचा. धूर बाहेर नेणारा नळ इतका तापतो, की जवळून गेलेल्या आवरणातील प्लॅस्टिकचे अस्तर वितळून तारेला चिकटेल. तार त्यापासून दूर नेऊन पक्की करावी लागते.

पाय उचलल्यावर काय?

पाचवा विचार सर्वांत महत्त्वाचा. दांडी ओढूही शकते आणि ढकलूही शकते. बारीक तार फक्त ओढू शकते. म्हणूनच हँडलवरच्या मुठीने गिअर बदलायच्या जुन्या स्कूटरला गिअरसाठी दोन तारा असत: एक इकडे ओढायला, एक तिकडे. ॲक्सिलरेटरला मात्र एकच तार असते. झडप उघडायचे काम ती करते. बंद करायचे काम स्प्रिंगचे.

ही स्प्रिंग कुठे लावावी? फक्त पेडलला लावली आणि तार तुटली, तर पेडल वर येईल, पण झडप उघडीच राहील. म्हणून स्प्रिंग झडपेच्या तरफेलाच लागते. आणि एक नव्हे, दोन! एक तुटली, तर दुसरी झडप मिटवील. अमेरिकेच्या मोटार-सुरक्षा नियमांपैकी १२४ क्रमांकाचा नियम सप्टेंबर १९७३ पासून नव्या गाड्यांना लागू झाला. झडप परत मिटवण्यासाठी किमान दोन स्वतंत्र साधने हवीत, असे त्यात सांगितले आहे. ४,५३६ किलोग्रॅमपर्यंतच्या गाड्यांत, अतिशीत हवामान वगळता, पाय उचलल्यापासून एका सेकंदात ती मिटली पाहिजे. एखादा दुवा तुटला, तरीही ती मिटलीच पाहिजे. १९५० च्या सुमाराच्या पिकअपला हा नियम लागू नाही. पण जाणते कारागीर तो पाळतात.

स्प्रिंगा किती ताठ असाव्यात? वळणांचे घर्षण झडप मिटतानाही आड येते. म्हणून घर्षणावर मात करून झडप झटकन मिटेल इतक्या ताठ हव्यात. पण चालकाचा पाय दुखेल इतक्या नकोत. पेडल पूर्ण दाबल्यावर त्याला थांबवणारा अडसरही हवा; नाहीतर पायाचा सगळा भार कार्ब्युरेटरच्या नाजूक तरफेवर येईल. आणि पाय पेडलवर नसताना तारेत एक-दोन मिलिमीटर ढील ठेवतात, म्हणजे तार झडपेला कधीही अर्धवट उघडी धरून ठेवणार नाही.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवूनच तपासणी करतात. एकाने पेडल पूर्ण दाबायचे, दुसऱ्याने झडप पूर्ण उघडली का ते पाहायचे. मग पाय सोडायचा. ‘टक्’ असा आवाज करून झडप मिटली पाहिजे, एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. मग दोहोंपैकी एक स्प्रिंग काढून पुन्हा पाहायचे, नंतर ती लावून दुसरी काढून पाहायचे. दोन्ही वेळा झडप मिटली, तरच काम पुरे. हे काम अनुभवी कारागिराचे आहे, हे सांगायला नकोच.

तारेनंतर

आजच्या बहुतेक नव्या मोटारींत ही तारही राहिलेली नाही. पेडल किती दाबले ते संवेदक मोजतो, विजेच्या तारांतून संगणकाला कळवतो, आणि एक छोटी मोटर झडप फिरवते. इंजिन कितीही डोलले, तरी विजेच्या निरोपाला त्याचे काही नाही. पण पेडलपाशी संवेदक सहसा एक नसतो, दोन असतात. दोघांचे म्हणणे जुळले नाही, तर संगणक इंजिनाचा जोर कमी करतो. स्प्रिंगा दोन का, याचे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. संवेदक दोन का, हेही आता तुम्ही सांगू शकाल.

विचार करा

१. तारेचा ब्रेक असलेल्या सायकलीचे हँडल पूर्ण वळवले, तरी मागचा ब्रेक आपोआप लागत नाही. का?

२. सायकलच्या ब्रेकची तार ताणण्यासाठी आवरणाच्या टोकाशी एक आट्यांचा नट असतो. तो फिरवल्याने आवरण जणू लांब होते. मग तार घट्ट का होते?

३. दांड्यांचा ब्रेक असलेली सायकल मिळाली, तर तिच्या मागच्या ब्रेकचे सांधे मोजा. हँडल वळताना दांडी अडू नये म्हणून कोणती युक्ती केली आहे, ते शोधा आणि त्याची आकृती काढा.